ज्ञानगंगा आणि संमंत्रण : नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या अध्यापनसाधनांची कथा

मार्च २०२० मध्ये महाविद्यालयांची दारे बंद झाली आणि काही आठवड्यांतच ‘ऑनलाइन शिक्षण’ हा शब्द असा काही रुळला, की समोर नसलेल्या विद्यार्थ्याला शिकवण्याचा प्रश्न मराठी समाजापुढे जणू प्रथमच उभा राहिला होता. झूम, गूगल मीट, गूगल क्लासरूम, व्हॉट्सअ‍ॅपचे गट अशी साधनांची नावे अध्यापकांच्या कक्षांतून (म्हणजे त्यांच्या घरांतून) ऐकू येऊ लागली. या धावपळीत एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नाशिक शहराबाहेर, गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे, एक विद्यापीठ तोवर तीस वर्षे हाच प्रश्न सोडवीत आले होते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने नियमित वर्गात बसावे अशी अपेक्षा कधीच नव्हती. तो दूर असणार, त्याला वेळ नसणार, त्याच्याजवळ कदाचित शांत जागाही नसणार, हे गृहीत धरूनच त्या विद्यापीठाची उभारणी झाली होती.

या लेखात त्या विद्यापीठाने वापरलेल्या आणि त्याच्या भोवतालच्या जगाने त्याच्यापुढे ठेवलेल्या साधनांचा इतिहास मांडण्याचा आमचा विचार आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी यंत्रसामग्रीचा इतिहास कशासाठी वाचावा, असा प्रश्न येथे कोणी विचारू शकेल. आमचे उत्तर असे, की हा इतिहास यंत्रांचा वाटला तरी तळाशी तो भाषेचा आहे. समोर नसलेल्या माणसाशी मराठीत कसे बोलावे, हा त्याचा खरा विषय आहे.

त्यासाठी सुरुवातीलाच दोन शब्द हाती घ्यावेत. पहिला शब्द विद्यापीठाच्या ब्रीदवाक्यातला : ‘ज्ञानगंगा घरोघरी’. विद्यापीठाच्या आवाराचे नावही ‘ज्ञानगंगोत्री’. दुसरा शब्द विद्यापीठाच्या रोजच्या कारभारातला : ‘संमंत्रण’. अभ्यासकेंद्रावर सुटीच्या दिवशी विद्यार्थ्याला भेटणाऱ्या अध्यापकाला या विद्यापीठाने ‘संमंत्रक’ म्हटले. शिक्षक नाही, प्राध्यापकही नाही. सम् म्हणजे एकत्र, मंत्रणा म्हणजे विचारविनिमय. संमंत्रक म्हणजे जो विद्यार्थ्याबरोबर बसून विचार करतो तो. गंगा वरून खाली वाहते. तिला उलट बोलता येत नाही. संमंत्रणाला मात्र दोन माणसे लागतात. एकाच संस्थेने जवळ बाळगलेले हे दोन शब्द परस्परांशी ओढाताण करीत आले आहेत आणि दूरशिक्षणातील प्रत्येक साधनाला आपल्याला हाच प्रश्न विचारता येतो : हे साधन गंगेचे, की संमंत्रणाचे?

*

अनुपस्थित विद्यार्थ्याला उद्देशून लिहिण्याची प्रथा मराठीत मुक्त विद्यापीठापेक्षा बरीच जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढले आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. भूगोल, इतिहास, विज्ञान अशा विषयांवरील लेखन त्यात येई. शाळेच्या भिंतीबाहेरच्या वाचकाला मराठीतून ज्ञान द्यावे, हा त्यामागचा हेतू. त्याच १८४० साली नाशिकमध्ये आजच्या सार्वजनिक वाचनालयाचा पाया घातला गेला. लोकहितवादींची शतपत्रे ‘प्रभाकर’मध्ये १८४८ पासून येऊ लागली; ‘पत्र’ हा त्यांनी निवडलेला घाटच मुळी समोर नसलेल्या माणसाशी बोलण्याचा आहे. अर्वाचीन मराठी गद्याचा मोठा भाग हा एका अर्थाने दूरशिक्षणाचेच गद्य होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

विद्यापीठांनी मात्र ही जाणीव फार उशिरा अंगी बाणवली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठाने सत्तरच्या दशकाच्या आरंभी. या पत्रद्वारा शिक्षणात बहुधा वर्गातल्या व्याख्यानाची टिपणे टंकलिखित वा छापील स्वरूपात टपालाने पाठवली जात. शिकवण्याची रीत बदलली नव्हती, केवळ वाहन बदलले होते. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफ द एअर’ची कल्पना मांडली. १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत तेथे अध्यापन सुरू झाले. नाव आकाशाचे आणि भिस्त दूरचित्रवाणीवर असली, तरी या विद्यापीठाचा कणा ठरला तो टपालाने घरी येणारा छापील पाठ. बीबीसीवरील त्याचे रात्री उशिराचे पाठ २००६ मध्ये थांबले. विद्यापीठ मात्र चालू राहिले. साधन आणि अध्यापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा हा पहिला मोठा पुरावा.

भारतात आंध्र प्रदेशाने १९८२ मध्ये पहिले मुक्त विद्यापीठ काढले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा कायदा झाला, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे देशातले पाचवे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले गेले, त्या यशवंतराव चव्हाणांचा नाशिकशी एक वेगळा धागा होता : संरक्षणमंत्री असताना १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र संपूर्ण महाराष्ट्र. मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), कोल्हापूर, नांदेड आणि नाशिक अशी त्याची विभागीय केंद्रे झाली. राज्यभरातील महाविद्यालयांच्या इमारतींत त्याची अभ्यासकेंद्रे भरू लागली. सोमवार ते शनिवार जो फळा नियमित विद्यार्थ्याचा असे, तो रविवारी मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याचा होई.

हा विद्यार्थी कोण होता? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा कामगार, लग्नामुळे शिक्षण सुटलेली गृहिणी, पोलीस शिपाई, अंगणवाडीतील सेविका, द्राक्षाच्या छाटणीतून सवड काढणारा निफाडकडचा शेतकरी. ज्यांची दहावी-बारावी राहून गेली, त्यांच्यासाठी विद्यापीठाने ‘पूर्वतयारी’ शिक्षणक्रम चालवला आणि त्यातून पदवीची वाट मोकळी केली. मराठी विद्यापीठीय व्यवस्थेत ही लहान गोष्ट नव्हती. नापास झालेल्या माणसाला दुसऱ्यांदा आत येण्याचे दार आपल्याकडे सहसा नसे.

*

विद्यापीठाचे पहिले आणि आजवरचे सर्वांत टिकाऊ साधन म्हणजे पुस्तक. पण ते नेहमीचे क्रमिक पुस्तक नव्हते. त्याची रचना पाहावी : घटक, त्याची उद्दिष्टे, प्रास्ताविक, विषय-विवेचन, मध्येच येणारे स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, सारांश, शेवटी त्या प्रश्नांची उत्तरे, स्वाध्याय आणि अधिक वाचनासाठी पुस्तके. ज्यांनी ही पुस्तके हाताळली आहेत, त्यांना हा साचा पाठ असेल; काहींना तो कंटाळवाणाही वाटला असेल. तरीही मराठी गद्याच्या इतिहासात या साच्याची नोंद घ्यायला हवी असे आम्हांस वाटते.

आपल्या विद्यापीठीय समीक्षेची भाषा ‘दिसून येते’, ‘म्हणता येईल’, ‘आढळते’ अशा क्रियापदांवर चालते. कोणाला दिसते आणि कोणी म्हणायचे, हे ती सांगत नाही. स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकाला हा आडोसा घेता येत नाही. त्याला ‘तुम्ही’ म्हणावे लागते. ‘हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला अमुक करता येईल’ असे वचन त्याला पहिल्याच पानावर द्यावे लागते, आणि ते वचन पाळले गेले की नाही हे विद्यार्थ्याला चार पाने पुढे गेल्यावर स्वतःच तपासता येते. वर्गात चुकणे म्हणजे साठ जणांसमोर चुकणे. पुस्तकाच्या मागच्या पानावरील उत्तर पाहून आपली चूक एकांतात उमगणे, ही प्रौढ वयात पुन्हा शिकायला आलेल्या माणसाच्या दृष्टीने फार मोठी सवलत होती. त्या साच्यात सभ्यता होती. तंत्रज्ञानाच्या भाषेत आज जिला ‘तत्काळ प्रतिसाद’ म्हणतात, ती सोय या पुस्तकाने कागदावर दिली होती.

अर्थात साहित्याच्या अध्यापकाला या साच्याची दुसरी बाजूही दिसते. रसायनशास्त्रातील समीकरणाचे उत्तर मागच्या पानावर छापता येते. कवितेचे कसे छापणार? ‘कवीला येथे काय सुचवायचे आहे?’ या प्रश्नाखाली चार ओळींचे उत्तर छापले, की ते वाचन अधिकृत होते आणि बाकीची वाचने अनधिकृत. वर्गात एखादी विद्यार्थिनी उठून ‘मला तसे वाटत नाही’ म्हणते, त्या क्षणासाठी पुस्तकात जागा नसते. याच ठिकाणी संमंत्रणाची गरज लागते. पुस्तकाने जे बंद केले, ते रविवारच्या दोन तासांत उघडावे, अशी ही योजना होती. ती सर्वत्र सफल झाली असे म्हणता येणार नाही. अनेक केंद्रांवर संमंत्रणाचे पुन्हा व्याख्यानच होत असे, आणि बाजारातील गाइडे पुस्तकाची जागा घेत. मुक्त विद्यापीठाच्या पदवीकडे नियमित महाविद्यालयांतून काहीशा खालच्या नजरेने पाहिले जाई, हेही खरे. पण योजना म्हणून तिच्याकडे पाहिले, तर आज ज्याला ‘ब्लेंडेड’ म्हणजे मिश्र अध्यापन म्हणतात, तेच हे होते. घरी एकट्याने वाचन, ठरावीक दिवशी एकत्र विचार आणि मधल्या काळात लेखी स्वाध्याय असे तीन पदर त्यात होते. संगणक त्यात कोठेही नव्हता.

*

पुढचा टप्पा आकाशाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा दूरदर्शनवरील कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाला. त्यासाठी पाठ तयार करणाऱ्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होते. हे पाठ प्रामुख्याने इंग्रजीत असत. ज्या घरात ते पोचत, त्या घरातील मराठी माध्यमाच्या मुलासाठी ती चित्रे होती, पाठ नव्हे. गंगा घरी आली, पण ओंजळीत पाणी राहिले नाही.

उपग्रहाने मात्र एक वेगळी आशा दाखवली. शिक्षणासाठी खास उपग्रह सोडण्याआधी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने इन्सॅट-३बी या उपग्रहाच्या आधारे पथदर्शी प्रयोग करायचे ठरवले, तेव्हा निवडलेल्या तीन विद्यापीठांत कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ, मध्य प्रदेशातील राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालय आणि नाशिकचे मुक्त विद्यापीठ यांचा समावेश होता. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘एज्युसॅट’ अवकाशात गेला. सुमारे १,९५० किलो वजनाचा हा उपग्रह केवळ शिक्षणासाठी वाहिलेला भारताचा पहिला उपग्रह होता. व्यवस्था अशी : एका केंद्रावरून अध्यापक बोलणार, दूरच्या वर्गखोल्यांत बसवलेल्या संचांवर ते दिसणार, आणि त्यांतील काही संचांवरून विद्यार्थ्याला प्रश्नही विचारता येणार. प्रश्न विचारण्याची ही सोय फार महत्त्वाची होती. आकाशातून येणाऱ्या गंगेला संमंत्रणाचे वळण देण्याचा हा प्रयत्न होता.

पण या साधनाला दोन अटी होत्या. विद्यार्थ्याने ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीत हजर राहिले पाहिजे आणि त्या वेळी तेथे वीज असली पाहिजे. पहिली अट मुक्त शिक्षणाच्या तत्त्वालाच बाध आणणारी. पाळीवरच्या कामगाराची सवड उपग्रहाच्या वेळापत्रकाशी जुळेल असे नाही. दुसऱ्या अटीबद्दल त्या वर्षांतील महाराष्ट्र आठवणाऱ्यांना अधिक सांगायला नको. ग्रामीण भागात भारनियमनाचे तास मोजूनच दिवसाची आखणी करावी लागे. २०१० मध्ये एज्युसॅटचे कार्य थांबले. त्याच विद्यापीठाची नव्वदच्या दशकातील पुस्तके तेव्हा अजून कोणाच्या तरी फडताळात होती, वाचता येत होती आणि वाचली जात होती.

*

साधनांचा तिसरा टप्पा संगणकाचा. महाराष्ट्रात तो सामान्य माणसापर्यंत नेण्यात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा, म्हणजे एमकेसीएलचा, मोठा वाटा आहे. त्यांचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावी मराठीतून उपलब्ध झाला आणि ‘कॉम्प्युटर शिकणे’ हे मध्यमवर्गापुरते राहिले नाही. याच महामंडळाच्या ‘डिजिटल युनिव्हर्सिटी’ या व्यवस्थेवर मुक्त विद्यापीठासह राज्यातील अनेक विद्यापीठांचे प्रवेश आणि परीक्षांचे कामकाज येत गेले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की आपल्याकडे संगणकाने विद्यापीठात प्रवेश केला तो कार्यालयाच्या दाराने. अर्ज, शुल्क, बैठक क्रमांक, गुणपत्रिका हे सारे आधी पडद्यावर गेले. पाठ मागाहून गेला आणि अनेक ठिकाणी गेलाच नाही.

जगात या सुमारास दुसरे वारे वाहत होते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने २००१ मध्ये आपले अभ्याससाहित्य सर्वांना विनामूल्य खुले करण्याची घोषणा केली. २००२ मध्ये ‘मूडल’ या अध्ययन-व्यवस्थापन प्रणालीची पहिली आवृत्ती आली. तिचा कर्ता मार्टिन डुगियामास हा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम वस्तीत वाढला आणि लहानपणी ‘स्कूल ऑफ द एअर’च्या रेडिओवरून शिकला. दूर राहून शिकण्याचा अर्थ ज्याला अनुभवाने ठाऊक होता, त्याने तयार केलेल्या साधनात केवळ पाठ चढवण्याची जागा नव्हती. विद्यार्थ्यांनी एकमेकांशी बोलण्याची, एकमेकांचे लेखन वाचण्याची, मिळून एखादा शब्दकोश रचण्याची जागाही त्यात होती. ही खऱ्या अर्थाने संमंत्रणाची प्रणाली. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत जेथे ती बसवली गेली, तेथे ती फायली ठेवण्याचे कपाट म्हणूनच वापरली गेली, हे दुर्दैव साधनाचे म्हणावे की आपले?

मराठीपुढे आणखी एक अडचण होती आणि तिची चर्चा साहित्यवर्तुळात पुरेशी झाली नाही. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ मराठी मजकूर संगणकावर जुळवला गेला तो श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या आज्ञावलींच्या आपापल्या सांकेतिक लिप्यांत. छपाईसाठी ते पुरेसे होते. पण हाच मजकूर महाजालावर न्यावा म्हटले, की अक्षरांच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग उभी राही. युनिकोड रुळेपर्यंत आणि जुना मजकूर त्यात रूपांतरित होईपर्यंत मराठीतले कितीतरी शैक्षणिक लेखन पानांच्या चित्रांच्या रूपातच पडद्यावर आले. चित्रात शोध घेता येत नाही, त्यातला शब्द उचलता येत नाही, अंध विद्यार्थ्याचे वाचक-यंत्र ते वाचू शकत नाही. एका पिढीने कष्टाने घडवलेले मराठी पाठांचे गद्य अशा रीतीने अर्धवट कुलूपबंद राहिले.

*

आता पुन्हा २०२० कडे येऊ. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. शहरांत ४२ टक्के, खेड्यांत जेमतेम १५ टक्के. संगणक असलेली ग्रामीण कुटुंबे साडेचार टक्क्यांच्याही आत. एकट्या नाशिक जिल्ह्यात नाशिक शहरही येते आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरचे आदिवासी पाडेही येतात. ज्यांनी त्या महिन्यांत शिकवले, त्यांना नेटवर्कसाठी टेकडीवर चढणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कथा सांगायला नकोत.

परंतु आमचा मुद्दा केवळ साधनांच्या टंचाईचा नाही. ज्यांच्याकडे सर्व साधने होती, त्यांनी त्यांचे काय केले? बहुतेकांनी महाविद्यालयाचे वेळापत्रक जसेच्या तसे पडद्यावर ठेवले. दहाचा तास दहाला, अकराचा अकराला. अध्यापक बोलत राहिले आणि समोर काळ्या चौकटींत नावे दिसत राहिली. अनुपस्थित विद्यार्थ्याचा वेळ त्याच्या हातात नसतो, हे गोवर्धनला तीस वर्षांपूर्वी ओळखले गेले होते. त्याचा येथे पूर्ण विसर पडला. एककालिक अध्यापनाची, म्हणजे सर्वांनी एकाच क्षणी हजर असण्याची अट उपग्रहाला भोवली होती, तीच आता घराघरांतल्या एकुलत्या एका मोबाइलवर लादली गेली. त्या मोबाइलवर धाकट्या भावाची शाळाही होती आणि वडिलांचा धंदाही. काही अध्यापकांनी मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर दहा-दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रित पाठ पाठवले, विद्यार्थ्यांनी ते रात्री ऐकले आणि प्रश्न लिहून पाठवले. पाठाबरोबर उत्तराचीही वाट मोकळी ठेवणारी ही रीत नकळत मुक्त विद्यापीठाच्या परंपरेतली होती.

परीक्षेने तर साहित्याच्या अध्यापनाची खरी कसोटी पाहिली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परीक्षेविना पदवी देता येणार नाही, असा निर्णय २८ ऑगस्ट २०२० रोजी आला आणि महाराष्ट्रातील विद्यापीठांनी त्या शरद ऋतूत परीक्षा उरकल्या, त्या मुख्यतः बहुपर्यायी प्रश्नांच्या. कादंबरीच्या अभ्यासाचे रूपांतर ‘पुढीलपैकी योग्य पर्याय निवडा’ यात झाले. आणीबाणीतील तडजोड म्हणून ते समजून घेता येते. परंतु साधनाला जे मोजता येते तेच ज्ञान, ही सवय आणीबाणी संपल्यावर आपोआप जात नाही. स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकाने कवितेला एक उत्तर दिले होते. पडद्याने चार दिली आणि त्यांतली तीन चूक ठरवली. पाचव्या, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या उत्तराला दोन्हीकडे जागा नाही. एवढाच फरक, की पुस्तकाबरोबर रविवारचे संमंत्रण तरी होते.

*

महामारी ओसरली, साधने राहिली. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाविषयीचे टिपण प्रसृत केले. प्रत्येक अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना त्यात होती. त्याआधी, जुलै २०१७ पासून, केंद्र शासनाचा ‘स्वयम्’ हा मंच सुरू झालाच होता. म्हणजे प्रत्येक मराठी विभागापुढे आता एक साधा, व्यावहारिक प्रश्न आहे. हे चाळीस टक्के कोण लिहिणार, आणि कोणत्या भाषेत?

आम्हांस काळजी वाटते ती येथे. ‘स्वयम्’सारख्या मंचावर इंग्रजीतील पाठांचे प्रमाण मोठे आहे. मराठी विभागांनी आपले पाठ स्वतः लिहिले नाहीत, तर मोकळी राहिलेली जागा मोकळी राहत नसते. घाईने केलेली चलच्चित्रे, गाइडांची ध्वनिमुद्रिते आणि दुसऱ्या भाषेतून ओढून आणलेले मजकूर ती भरून काढतात. त्यात आता नव्या यंत्रांची भर पडली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि ‘अमुक व्यक्तिरेखेचे स्वभावचित्रण करा’ असा स्वाध्याय विद्यार्थ्याऐवजी यंत्र लिहून देऊ लागले. अशा यंत्राला बंदी घालून हा प्रश्न सुटेल असे वाटत नाही. यंत्र ज्याचे उत्तर सहज देते, तो स्वाध्याय मुळात विद्यार्थ्याला विचारलेलाच नव्हता, हे त्यातून उघड झाले आहे. सुरगाण्याच्या विद्यार्थिनीला तिच्या आजीच्या तोंडची एखादी कथा उतरवून तिची पाठ्यपुस्तकातील कथेशी तुलना करायला सांगितले, तर ते उत्तर तिच्याखेरीज कोणालाच लिहिता येणार नाही. असा प्रश्न घालणारा अध्यापक पुन्हा संमंत्रक होतो.

राम ताकवले २०२३ मध्ये निवर्तले. नाशिकनंतर १९९५ ते १९९८ या काळात त्यांनी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरुपद सांभाळले होते. त्यांच्या पिढीने उभ्या केलेल्या संस्थेच्या उणिवा आम्ही वर नोंदवल्या आहेत, आणखीही नोंदवता येतील. पण त्या पिढीने प्रश्नांचा क्रम बरोबर लावला होता. विद्यार्थी कोण आहे, त्याला वेळ केव्हा आहे, त्याला कोणती भाषा कळते, हे प्रश्न आधी. कोणते साधन वापरायचे, हा प्रश्न नंतर. आज हा क्रम उलटला आहे. साधन आधी खरेदी होते, प्रशिक्षण-कार्यशाळा पार पडते, आणि विद्यार्थी कोण याचा शोध शेवटी सुरू होतो, कधी होतही नाही.

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, तेव्हा ‘ज्ञानगंगा’ हा शब्द या भूमीत उपरा नाही. पण ज्ञानगंगोत्री उगमावर वसलेली नाही, ती धरणाजवळ आहे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे. धरणाचे पाणी आपोआप कोणाच्या घरी जात नाही. त्याला पाट खणावे लागतात, आवर्तने ठरवावी लागतात, आणि पाटाच्या टोकाला असलेल्या, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचले की नाही, हे कोणीतरी चालत जाऊन पाहावे लागते. उपग्रह, प्रणाली आणि पडदे हे पाट आहेत, ते हवेतच. टेलच्या विद्यार्थ्याला काय मिळाले, हे मात्र त्यालाच विचारावे लागेल, आणि त्याचे उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ आपल्या वेळापत्रकात राखावा लागेल.